सोलापूर हे नाव खरंच सोळा गावांवरून पडलं का?

पार्कचौक:

मंडळी, घरातला एक जुना वाद परत पेटलाय म्हणून इथं टाकतोय. मी मूळचा सोलापूरचा, आता बरीच वर्षं पुण्यात. लहानपणापासून घरात, शाळेत, रिक्षात एकच ऐकलं की सोळा गावं मिळून सोलापूर झालं, सोळा अधिक पूर, विषय संपला. बाबा तर पाहुणा आला की पहिल्या चहालाच हे सांगणार. पण ह्या संक्रांतीला गड्ड्यासाठी, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेसाठी, घरी गेलो होतो तर नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वाटेवर एका कमानीवर मोठ्या अक्षरात 'सोन्नलगी सिद्धरामेश्वर' लिहिलेलं, आणि शेजारी उभा असलेला शाळेतला मित्र, घरी कन्नड बोलणारा, सहज म्हणाला की हेच आपल्या गावाचं मूळ नाव, सोळा बिळा काय नाही. बाबा सोबतच होते, त्यांनी भर गर्दीत त्याला फैलावर घेतलं. आता फॅमिली ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्यात आणि रोज रात्री जेवणं झाली की सुरू.

मला दोन गोष्टी हव्यात. सोळा गावांची गोष्ट किती खरी, आणि सोन्नलगीचं सोलापूर होतंच कसं, कारण मला तर दोन्हीत फक्त पहिला 'सो' सारखा दिसतो. शिलालेख, जुने कागद असलं काही ठोस असेल तर सांगा. 'आमचे आजोबा सांगायचे' टाइप नको, ते आमच्या ग्रुपवर भरपूर आहे.

शेळगीकर:

काय बोलालाय बे, सोलापूरचा होऊन असला प्रश्न. सोळा गावं आहेत की, नावानिशी आहेत, घे लिहून. अदिलपूर, अहमदपूर, चपळदेव, फत्तेपूर, जामदारवाडी, काळजापूर, खादरपूर, खांडेरावकी वाडी, मुहंमदपूर, राणापूर, संदलपूर, शेखपूर, सोलापूर, सोनलगी, सोनापूर, वैदकवाडी. मोज, सोळा भरतात. ही यादी मी घरी बसून केलेली नाही, जिल्ह्याच्या सरकारी माहितीत छापलेली आहे. परीक्षेच्या आधी काळजापूर मारुतीला नारळ फोडायचो ना आपण, ते काळजापूर मग कुठलं? हेच ते. सगळी गावं आता महानगरपालिकेच्या पोटात गेली म्हणून दिसत नाहीत एवढंच. बाबांना माझा नमस्कार सांग.

भीमाकाठचा:

शेळगीकर, यादी असणं वेगळं आणि नाव त्या यादीवरून पडणं वेगळं. गावाच्या नावाचा माग काढायचा तर सरळ रस्ता एकच, सगळ्यात जुना लिहिलेला पुरावा धरायचा आणि तिथून पायरी पायरीने आजकडे यायचं. आजचं नाव हातात घेऊन मागं अर्थ लावत गेलं की माणूस हमखास गोष्टीत शिरतो, आणि गोष्ट चांगली असली की मग बाहेर यायला तयार होत नाही.

सोलापूरच्या बाबतीत नशीब असं की पायऱ्या बऱ्यापैकी शाबूत आहेत. सुरुवात बाराव्या शतकापासून करू, कल्याणीच्या कलचुरींचा काळ, ज्यांचं आधीचं ठाणं आपलं मंगळवेढं. सिद्धरामेश्वर ह्याच काळातले, बसवेश्वरांचे समकालीन. त्या वेळच्या लेखांत ह्या गावाचं नाव येतं सोन्नलगे, त्याचंच पुढं बोलण्यात सोन्नलगी झालं. यादवांचं राज्य आलं तरी नाव तेच. मग मोहोळ तालुक्यात कामतीला एक संस्कृत शिलालेख आहे, शके १२३८ चा, म्हणजे इ.स. १३१६, यादवांची सद्दी संपलेलीच होती म्हणा. त्यात गाव आहे 'सोनलीपूर'. इथं थांबून नीट बघा, कारण सगळा खेळ इथंच आहे. शेवटचं गे गेलं, त्या जागी पूर आलं, आणि नावाचं खोड राहिलं सोनल. पुढची पायरी आपल्या भुईकोट किल्ल्यात. तिथल्या एका लेखात गावाला म्हटलंय 'सोनलपूर', आणि त्याच किल्ल्यातल्या विहिरीवरच्या लेखात 'संदलपूर'. मुसलमानी अमलात हे संदलपूर बरंच चाललं. आणि सोनलपूर मधला 'न' बोलता बोलता गळाला की सोलापूर. म्हणजे पार्कचौक, तुला सोन्नलगी आणि सोलापूर ह्यांच्यात नुसता 'सो' सारखा दिसतो कारण मधले दोन-तीन जिने तुला कुणी दाखवलेच नाहीत.

संदलपूरबद्दल माझं मत सांगतो, मत म्हणूनच घ्या. फारसी वळणाच्या माणसाला सोनल म्हणजे काय ते कळत नाही पण संदल म्हणजे चंदन हे चांगलं कळतं, त्यामुळं कानावर पडलेल्या अनोळखी शब्दाच्या जागी त्याने ओळखीचा बसवला. जे त्याने चंदनाचं केलं तेच आपण सोळाचं केलं, भाषा बदलली एवढाच फरक.

आणि हे गे जाऊन पूर येणं फक्त सोलापुरातच झालंय असंही नाही. पंढरपूर घ्या. जुन्या कन्नड वळणाच्या लेखांत त्याचं नाव पंडरगे. पंडरगेचं पंढरपूर आणि सोन्नलगेचं सोनलपूर, दोन्ही भीमेच्या खोऱ्यातली गावं, दोन्हीकडे एकच चाल. पंढरपूरला जोडायला सोपा आकडा नव्हता म्हणून वाचलं.

सोल्लापुरी:

पार्कचौकचा तो मित्र मी नाही पण असू शकलो असतो, आमच्याही घरात कन्नडच. भीमाकाठचा यांनी 'न' गळाला असं लिहिलंय त्यात एक भर घालतो. आमची आजी अजून 'सोल्लापुरा' म्हणते, ल वर जोर देऊन, डबल ल. विजापूरकडून येणाऱ्या कर्नाटकच्या बसवर कन्नड पाटी वाचा, तिथंही सोल्लापूरच लिहिलेलं असतं. आता हा दुसरा ल आला कुठून? सोन्नल पूर भराभर म्हणून बघा, मोठ्याने म्हणा, ऑफिसात असाल तर हळू म्हणा, न आणि ल जवळ आले की न ची जीभ ल वर घसरते. म्हणजे न नुसता गळालेला नाही, जाताना ल ला दुप्पट करून गेलाय आणि कन्नड बोलण्यात त्याची खूण अजून आहे. मराठीत ती डबल खूण पुसली गेली.

दुसरं. कन्नडात सोळाला म्हणतात हदिनारु. बाराव्या शतकात इथले लेख कन्नडात कोरले जायचे, सिद्धरामांची वचनं, म्हणजे छोट्या भक्तिरचना, कन्नडात, गावाला सोळावरून नाव द्यायचंच असतं तर ते हदिनारु काहीतरी झालं असतं ना. अजूनही यात्रेत अक्षता सोहळ्याला जी सम्मती वाचतात ती कन्नड आहे, लाखभर माणूस ती ऐकून अक्षता टाकतो, आणि त्याच गर्दीतला अर्धा माणूस घरी जाऊन सोळा गावं सांगतो. वचन साहित्य वाचणाऱ्या कुणालाही विचारा, सिद्धराम म्हटलं की नावाच्या आधी सोन्नलिगे येणारच, सोन्नलिगेय सिद्धराम. तेराव्या शतकात राघवांकाने त्यांचं चरित्र काव्यात लिहिलं त्यातही गाव सोन्नलिगेच.

आणि गाव किती मोठं होतं हा अंदाज हवा असेल तर संक्रांतीच्या यात्रेत यण्णीमज्जनाला नंदीध्वज ज्या वाटेने फिरतात ती वाट चालून बघा. सिद्धरामांनी गावाभोवती पंचक्रोशीत ६८ लिंगं स्थापन केली असं मानतात, तेल लावायला त्या सगळ्यांपर्यंत जातात. आम्ही लहानपणी अर्ध्यातून पळून यायचो, ऊन आणि अनवाणी पाय.

ळ_चा_कैवारी:

एवढ्या शिलालेखांत जायची गरजच नाही, साधं मराठी पुरे. सोळा मध्ये ळ आहे. सोलापूर मध्ये ल आहे. मराठी माणूस सोळावरून नाव ठेवेल तर सोळापूर ठेवेल, ळ सोडून ल कशाला धरेल? आणि सोळा जोडशब्दात कसा येतो ते बघायला लांब जायला नको, पंढरपूरच्या देवळातच उभे राहा, विठ्ठलाच्या गाभाऱ्याकडे जाताना सोळखांबी लागते. सोळा खांबांचा मंडप म्हणून सोळखांबी. ळ जागच्या जागी. त्याच जिल्ह्यात, त्याच भीमेच्या काठी, तीच माणसं. ती खांब मोजताना ळ म्हणतात आणि गावं मोजताना ल म्हणतात होय?

शेळगीकर:

हे ळ चं मान्य नाही बे. इंग्रजांनी ळ चा ल केला असेल, त्यांना कुठं ळ म्हणता येतंय.

ळ_चा_कैवारी:

इंग्रजांनी स चा श केला, शोलापूर, तो आपण परत नीट करून घेतला की. मग ळ तेवढा त्यांच्याकडेच ठेवून आलो का? आणि किल्ल्यातला सोनलपूरवाला लेख इंग्रजांच्या आधीचा आहे, त्यातही लच.

बेगमपेठ_दखनी:

ळ_चा_कैवारी साहेब, जरा सबुरीने. तुमचा मुद्दा ऐकायला झकास आहे पण त्यावर सगळं वजन टाकू नका. सोलापुरात फक्त मराठी बोलत नाहीत. आमच्या घरात दखनी, आम्ही सोळाला सोलाच म्हणतो, सोला रुपये, सोला दिन. आमच्याकडच्या कुणी सोळा गावांवरून नाव ठेवलं असतं तर ते बिनदिक्कत सोलापूरच झालं असतं, ळ चा प्रश्नच नाही. तेव्हा ल मुळं सोळा गावं खोटी ठरतात असं म्हणू नका, कुणी हुशार माणूस हे उत्तर तुमच्या तोंडावर मारेल.

पण सोळा गावं खोटी ठरतात ती दुसऱ्याच कारणाने आणि ते कारण शेळगीकरांनी स्वतःच्या हाताने वर टाइप केलंय. यादी परत वाचा. तेरावं नाव काय आहे? सोलापूर. आता मला सांगा, सोळा गावं एकत्र आली म्हणून सोलापूर नाव पडलं म्हणता, तर त्या सोळांतल्या एका गावाचं नाव आधीपासूनच सोलापूर कसं? ते कुठल्या सोळांवरून पडलं होतं? त्याच्याही पोटात अजून सोळा गावं होती का?

अजून गंमत आहे. यादीत संदलपूर आहे, सोनलगी आहे, सोलापूर आहे. भीमाकाठचा यांच्या पायऱ्या शेजारी ठेवा. ही तीन गावं नाहीतच हो, एकाच गावाची तीन काळातली तीन नावं आहेत. शिवाय सोनापूर, ते पण मला संशयितच वाटतं. कुणीतरी आधी सोळा ठरवले आणि मग भरत बसला, कमी पडायला लागले तसं जुन्या नावांनाच वेगळं गाव करून ओळीत उभं केलं.

आणि नावं बघा, अदिलपूर, अहमदपूर, फत्तेपूर, मुहंमदपूर, खादरपूर, शेखपूर. ही सगळी सुलतानी काळातली घडण आहे, बहामनी म्हणा, अदिलशाही म्हणा. सोन्नलगे नाव बाराव्या शतकात दगडावर कोरलेलं. नातवंडांवरून आजोबाचं नाव ठेवता येत नाही.

पार्कचौक:

दखनी भाई, तुमचा तो तेराव्या नावाचा मुद्दा मी आत्ता ग्रुपवर टाकला आणि पहिल्यांदा ग्रुप शांत झालाय. काकांनी फक्त 'बघतो' असं लिहिलंय. बाबा ऑनलाइन दिसतायत पण टाइप करत नाहीयेत.

मांडवीपल्याड:

मी गोव्यातून वाचतोय. सोलापूरशी संबंध फक्त चादरीचा, पण आकड्यांच्या नावांवर आमचा हक्क आहे म्हणून लिहितो. आकड्यावरून जागेचं नाव पडणं ही काही नुसती दंतकथा नसते. आमची तिसवाडी तीस वाड्यांची. बारदेस बाराचा. साष्टी म्हणजे सासष्ट, सहासष्ट गावं, आणि ही गोष्ट मुंबईकडच्या साष्टीलाही लागू, शिलाहारांच्या ताम्रपटांत तिला चक्क षट्षष्टी म्हटलंय. तेव्हा आकडा दिसला की लगेच हसण्यावारी नेऊ नका.

फक्त ह्या खऱ्या नावांत काय दिसतं ते बघा. आकडा एका गावाला लागत नाही, सगळ्या टापूला लागतो. तिसवाडी हे गाव नाही, तालुका आहे. साष्टी हे गाव नाही. बारदेस हे गाव नाही. सोळा गावांचा टापू असता तर त्याला सोळगाव किंवा सोळवाडी असं काही म्हटलं असतं, आणि मधलं मुख्य गाव आपल्या वेगळ्या नावाने राहिलं असतं. पूर लावलं म्हणजे ते एकच नगर झालं, त्याच्या मागं गावांची मोजदाद लावणं मला तरी जोडलेलं वाटतं.

भीमाकाठचा:

मांडवीपल्याड, उत्तम मुद्दा, आणि तो आमच्या बाजूलाही लागू पडतो. जुन्या कन्नड शिलालेखांत प्रदेशाच्या नावापुढं गावांचा आकडा लावायची पद्धतच होती. बनवासी १२०००, बेळवोल ३००, आणि आपल्या दक्षिणेला विजापूरकडचा सगळा पट्टा म्हणजे तर्दवाडी १०००. पण आकडा नावाच्या पुढं, वेगळा, हिशेबाला. नावाच्या आत शिरलेला नाही. मराठीत चाळीसगाव आहे, तिथं निदान शेवटी गाव तरी आहे.

बाकी आपल्याकडच्या लोकांना आकड्याचा नाद भारी. सहा गल्ल्यांची सांगली. सात ताऱ्यांचा सातारा, नाहीतर सतरा दरवाज्यांचा सातारा, जसा सांगणारा तसा आकडा. बारा शिवाची बार्शी. सोळा गावांचं सोलापूर. पुण्याहून निघून दक्षिणेकडे फिरत गेलात तर पाढा म्हणत याल. मुद्दाम सगळं खोटंच ठरवा असं मी म्हणत नाही, पण अशी गोष्ट ऐकली की पहिलं काम म्हणजे जुनं लिखित रूप शोधणं, ते मिळालं की आकडा टिकतो का नाही ते आपोआप कळतं. लातूरला कुणी आकडा लावत नाही म्हणून तिथं भांडण नाही. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूरपुरवराधीश्वर म्हणवून घ्यायचे, लट्टलूर, लातूर, इथं आवाज फार बदललाच नाही म्हणून गोष्ट रचायला फटच मिळाली नाही. सोन्नलगेचं सोलापूर होताना मूळ शब्द ओळखू येईनासा झाला, आणि तिथं सोळा येऊन बसला.

जुन्या_मिलचा_भोंगा:

तुम्ही सगळे शोलापूर विसरलात. १८६० मध्ये रेल्वे सोलापुरात आली, नंतर मिल आल्या, आणि कापडावर, पाट्यांवर, सगळीकडे शोलापूर. आमच्या घरात अजून आजोबांच्या जमान्यातली एक पत्र्याची ट्रंक आहे, तिच्यावर पांढऱ्या रंगात इंग्रजीत शोलापूर रंगवलेलं, एका कडेला पोपडे निघालेत. उत्तर हिंदुस्थानात गेलं की अजूनही लोक शोलापुर म्हणतात, सुधारून थकलो. उर्दूत शोला म्हणजे ज्वाळा, आणि मे महिन्यात दुपारी दोन वाजता सात रस्त्यावर उभं राहिलं की कुठल्याही शिलालेखाची गरज राहत नाही, हीच व्युत्पत्ती खरी.

बाकी १९३० च्या मार्शल लॉच्या बातम्या, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात आपले चार हुतात्मे फाशी गेले त्याच्या बातम्या, त्या वेळच्या इंग्रजी कागदांत सगळ्या शोलापूर नावाखाली आहेत. जुनं काही शोधत असाल तर दोन्ही स्पेलिंगनी शोधा, नाहीतर अर्धं सापडणार नाही.

शेळगीकर:

बरं बाबांनो. नाव सोन्नलगीवरून, धरून चालू. पण ती गावं होती का नव्हती ते सांगा आधी. काळजापूर हाय, राणापूर म्हणतात, जामदारवाडी म्हणतात, ही काय कुणी स्वप्नात बघितली नाहीत. तुम्ही यादीच रद्द करून टाकाल अशानं.

बेगमपेठ_दखनी:

यादी रद्द करायची नाहीच, उलट जपून ठेवा. नाव कशावरून पडलं ह्याचा पुरावा म्हणून ती चालत नाही, पण शहर कुणाकुणाला गिळत मोठं झालं ह्याचा पुरावा म्हणून ती सोन्यासारखी आहे. फत्तेपूर म्हणजे कुणाची फत्ते? जामदारवाडी म्हणजे जामदारखान्याशी संबंधित कुणाची वाडी? वैदकवाडी वैद्यांची? ह्या प्रत्येकाचा वेगळा माग काढण्यासारखा आहे आणि त्यासाठी जुने जमिनीचे कागद बघावे लागतील. मी तर म्हणतो सोलापूरचं नाव सोडा, त्यावर चिकार लिहून झालंय, चपळदेव कोण होता हे कुणी शोधलं तर मी स्वतः हुरडा पार्टी देतो.

सोल्लापुरी:

शेळगीकर, तुमच्यासाठी एक खास. तुमच्या शेळगीच्या शेवटी गी आहे. होटगीच्या शेवटी गी आहे. पलीकडे कलबुर्गी, सिंदगी. आणि सोन्नलगी. ह्या सगळ्या पट्ट्यात हा शेवट गावोगावी भेटतो. शहराने सोन्नलगीचं गी टाकून दिलं आणि पूर लावून घेतलं, तुमच्या शेळगीने ते सांभाळलं. म्हणजे ह्या वादात तुम्ही चुकीच्या पार्टीत आहात, तुमचं युजरनेमच आमच्या बाजूने आहे.

शेळगीकर:

😄 हे मात्र खरं बे. आता घरी सांगतो की शेळगी जुनी आणि सोलापूर नवीन.

ळ_चा_कैवारी:

त्यातही ळ आहे, लक्षात असू द्या.

पार्कचौक:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. बाबांचं उत्तर आलं शेवटी, 'पण सोळा गावं होती की नाही', म्हणजे शेळगीकर आणि बाबा एकाच शाळेतले दिसतात. आता शेवटचं विचारतो. आईचं माहेर मोहोळ तालुक्यात, एक खुर्द आहे, एक बुद्रुक आहे, मधे ओढा. तिथल्या नावाचा असा माग काढायचा तर माझ्यासारख्या साध्या माणसाने सुरुवात कुठून करायची? शिलालेख वाचता येत नाहीत, मोडी येत नाही, आणि सुट्टी फक्त शनिवार रविवार.

भीमाकाठचा:

खुर्द आणि बुद्रुक आधी बाजूला काढून ठेव. ती दोन्ही फारसी शेपटं आहेत, खुर्द म्हणजे लहान, बुजुर्गचं बुद्रुक म्हणजे मोठं किंवा ज्येष्ठ, आणि ती सुलतानी काळातल्या महसुली दप्तरातून आली. मूळ गावातून वस्ती फुटून दुसरी झाली की कारकुनाला हिशेबासाठी दोन नावं लागायची. त्यामुळं आज खुर्दची लोकसंख्या बुद्रुकपेक्षा जास्त असली तरी गोंधळू नको, शेपूट त्या वेळचं आहे. ज्या कामतीचा शके १२३८ चा लेख वर आला ती कामतीही आज खुर्द आणि बुद्रुक आहे. उरलं ते खोड, त्याच्यामागं लागायचं.

मग गावात जा आणि म्हाताऱ्या बायकांना गावाचं नाव म्हणायला लाव, विचारू नको फक्त म्हणायला लाव, आणि फोनवर रेकॉर्ड कर. पाटीवरचं नाव आणि तोंडातलं नाव ह्यात फरक असतो, आणि तोंडातलं बऱ्याचदा जुनं असतं, सोल्लापुरीच्या आजीचा डबल ल आठव. गावात जुन्या कन्नड घराण्यातलं कुणी असेल तर त्यांचा उच्चार वेगळा घे. शिवाय शिवारातल्या जागांची नावं लिहून काढ, माळ, ओढा, पाणंद, पडकं देऊळ, कारण गावाचं नाव बदललं तरी शेताचं नाव फारसं कुणी बदलत नाही.

देवळाच्या आवारात, वेशीपाशी, विहिरीच्या कडेला कोरलेला दगड दिसला तर त्याला तेल शेंदूर चुना काही लावू नको, खडू पण फिरवू नको. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असताना बाजूने फोटो काढ, तेव्हा अक्षरांच्या कडेला सावली पडते आणि दुपारी सपाट दिसणारा दगड वाचता येण्यासारखा होतो. वाचायचं काम जाणकारावर सोपव. आपल्या जिल्ह्यातले लेख आनंद कुंभार यांनी श्रीनिवास रित्ती यांच्याबरोबर वाचून प्रसिद्ध केलेत, ग्रंथालयात मिळतील, आधी त्याच्या सूचीत तुझ्या गावाचं किंवा शेजारच्या गावाचं नाव आहे का बघ, शेजारच्या गावाच्या दानलेखात चतुःसीमा सांगताना तुझं गाव अचानक सापडतं. कुंभारांनीच दक्षिण सोलापुरातल्या हत्तरसंग कुडलच्या देवळातला शके ९४० चा लेख उजेडात आणला, इ.स. १०१८, त्यात मराठी वाक्य आहे, मराठीच्या सगळ्यात जुन्या लेखांत त्याची गणना होते. एका तुळईवर होता तो, येता जाता लोक खालून जात होते.

मोडीचं म्हणशील तर पेशवे दप्तर पुण्यातच आहे, पुराभिलेखागारात, तू राहतोस तिथून बसने जाशील. फक्त ते शनिवार रविवारच्या भरवशावर ठेवू नको, एखादी रजा टाक. आणि पहिल्या दिवशी 'माझ्या गावाचं नाव कशावरून पडलं' असं विचारू नको, परगण्याचं, म्हणजे जुन्या महसुली विभागाचं, नाव विचार, तो परगणा कळल्याशिवाय रुमाल, म्हणजे कागदांचा गठ्ठा, निघत नाही.

पार्कचौक:

परगणा मोहोळच का?

भीमाकाठचा:

आजचा तालुका मोहोळ म्हणून परगणाही मोहोळच असेल असं नाही. आईकडे जुनं इनामपत्र, वाटणीपत्र, लग्नाची याद असलं काही असेल तर पहिल्या दोन ओळी बघ, तिथं 'मौजे' नंतर गाव आणि 'परगणे' नंतर परगणा लिहिलेला असतो. फोटो इथं टाक, मोडी वाचणारे दोघं तिघं आहेत इथं. नाव, सर्व्हे नंबर झाकून टाक.